चकलीच्या डब्याचं झाकण आवाज न करता उघडता येतं का तुम्हाला?

गवतीचहा

मला येतं. स्टीलचा डबा आहे, घट्ट झाकणाचा. एका बाजूला अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्या बाजूने नखाने हळूच हवा आत घ्यायची. 'टक्' होत नाही. चकली मात्र वाजते, म्हणून ती आधी जिभेवर थोडी भिजू द्यायची आणि मग चावायची. फ्रिज उघडायचा नाही, उजेड पडतो.

गेल्या मंगळवारी रात्री सव्वाअकराला मी हे सगळं करत होते. वय ४२, बँकेत नोकरी. भाजणी माझ्या पैशाची, चकल्या मीच तळलेल्या, घर माझं. तरी चोरी!

सात खाल्ल्या. भूक नव्हती हो. साडेआठला जेवले होते, तेही मोजून-मापून. एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मुगाची उसळ, काकडी.

सहा वर्षांत सगळं करून झालंय. दोन वेळाच जेवायचं, ते केलं. दर दोन तासांनी थोडं थोडं, तेही केलं. कीटो केलं, तेव्हा पोळीचा वास आला तरी रडू यायचं. एकूण हिशोब मांडला तर १४ किलो उतरवले आणि १७ चढवले. त्यामुळे तक्ते नकोत. कोणी 'सकाळी लिंबूपाणी' लिहिलं तर मी धागा सोडून जाईन.

मला विचारायचंय ते वेगळंच. त्या मंगळवारी संध्याकाळी घरी पाहुणे होते. सासूबाईंनी बासुंदी वाढली. मी नको म्हटलं तर, "हल्ली आमच्या हातचं चालत नाही हिला." सगळे हसले, मी वाटी घेतली. अर्ध्या तासाने त्याच पाहुण्यांसमोर, "जरा सुटलीच आहे नाही ही?" पुन्हा सगळे हसले. मी आत जाऊन पाणी प्यायले आणि ठरवलं की उद्यापासून कडक. मग सव्वाअकराला चकल्या.

हे पोटाचं काम आहे, डोक्याचं, की त्या हसणाऱ्या मंडळींचं? तुमच्याकडे काय होतं?

कोकमसार

'उद्यापासून' हा माझ्या घरातला सगळ्यात जुना सदस्य आहे. त्याचं मधलं नाव 'सोमवार'.

झाकणाची युक्ती टिपून घेतली आहे.

पहाटे_पाच

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. घरात चकल्या केल्या कोणी? तुम्ही. खाल्ल्या कोणी? तुम्ही. सासूबाईंनी तुमचा हात धरून डब्यात घातला नाही. खर्च होतं त्यापेक्षा जास्त पोटात गेलं की वजन वाढतं, बाकी सगळं साहित्य आहे. मी तीन वर्षं साखर सोडली आहे, लग्नात, मुंजीत, कुठेही खात नाही. इच्छाशक्ती लागते.

कोकमसार

>> बाकी सगळं साहित्य आहे

मग आपण वाचायला आलोय कशाला, पीठ मळायला?

तिसरी_घंटा

कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते.

गवतीचहा, त्या सात चकल्यांची दोन भागांत वाटणी करून बघा. पहिली एक, आणि मग सहा. पहिली का खाल्ली याचं उत्तर कदाचित बासुंदीत सापडेल. उरलेल्या सहा का खाल्ल्या याचं उत्तर मात्र १९७५ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात आहे.

हर्मन आणि मॅक या संशोधकांनी कॉलेजातल्या मुलींना बोलावलं आणि सांगितलं की आइस्क्रीमच्या चवीचा अभ्यास आहे. काहींना आधी काहीच दिलं नाही, काहींना एक मिल्कशेक पाजलं, काहींना दोन. मग पुढ्यात आइस्क्रीम ठेवलं, हवं तेवढं खा आणि चवीबद्दल लिहा. खरं मोजायचं होतं ते आइस्क्रीम किती संपलं हे. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. साहजिक आहे, पोट भरलेलं. ज्या कायम डाएटवर असायच्या त्यांचं उलटं झालं. मिल्कशेक न पिता त्यांनी बेताने खाल्लं, आणि पिऊन झाल्यावर जास्त!

पुढे डाएटवाल्या लोकांवर असेच आणखी प्रयोग झाले. खाल्लेल्या पदार्थात खरोखर किती कॅलरी होत्या यापेक्षा त्या जास्त आहेत असं *वाटलं* तरी पुरायचं. म्हणजे पोटाला ठाऊक नाही, डोक्याला ठाऊक आहे, की आजचा नियम मोडला. मोडलाच आहे तर मग... पोलिव्ही आणि हर्मन या जोडीने या प्रकाराला 'व्हॉट द हेल इफेक्ट' असं नाव दिलं. आपल्याकडे हेच 'गेलं मसणात' म्हणून डब्यात हात घालतात.

यात सहाव्या चकलीचा दोष नाही आणि तुमचाही फारसा नाही. 'एकही नाही' असा नियम केला की एक आणि सात यांतला फरक पुसला जातो. दोन्हीची शिक्षा सारखीच असेल तर माणूस सातच खाणार.

गवतीचहा

तिसरी_घंटा, हे वाचून दोन मिनिटं फोन खाली ठेवला. पहिली चकली खाल्ल्यावर मी मनात शब्दशः 'बुडालंच आता' असं म्हटलं होतं. आणि दुसऱ्या चकलीला चव नव्हती. तिसरीलाही नाही. पण थांबले नाही, कारण 'उद्यापासून परत बंद' हे ठरलेलं होतं ना. बंद होण्याआधी साठा करून घ्यायचा, नोटाबंदीच्या रात्रीसारखा. (आम्ही बँकवाल्यांनी ती रात्र जवळून पाहिलीय.)

शेवंती

माझं वय ६८, म्हणून थोडं वेगळं सांगते. उपास आम्ही जन्मभर केले. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, हरतालिकेला तर पाणीही नाही. तुमच्यासारखं अंधारात उभं राहून खाल्ल्याचं मात्र आठवत नाही. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे खरं आहे, नाही म्हणत नाही. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी, रताळ्याच्या गोड फोडी, एवढं रोजच्या जेवणातही नसायचं. पण ते राजरोस, सगळ्यांनी बसून, हसत.

मला फरक दिसतो तो असा. उपासाला दिवस ठरलेला, सोडायची वेळ ठरलेली, आणि घरातल्या सगळ्या बायका बरोबर. चुकून पोळीचा तुकडा तोंडात गेलाच तर देवाला हात जोडायचे, पुढच्या वेळी नीट करू. तुमच्या डाएटला शेवटच नाही बाई. आणि मोडलं तर हात कोणाला जोडणार? आरशातल्या बाईला. ती काही माफ करत नाही.

पिठलं_भाकर

शेवंतीताई, शेवटच्या दोन ओळींसाठी कोपरापासून नमस्कार.

चष्मेबद्दूर

पहाटे_पाच यांच्या 'इच्छाशक्ती'साठी एक गोष्ट.

नोव्हेंबर १९४४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ तरुण निवडले. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं हे शोधायचं होतं. हे सगळे तत्त्व म्हणून बंदूक हातात घ्यायला नकार दिलेले लोक. अर्ज दोनशेच्या वर आले होते, त्यातून शरीराने आणि मनाने धडधाकट असे निवडलेले. म्हणजे इच्छाशक्तीचा अर्क. फुटबॉल स्टेडियमच्या खाली त्यांची राहायची सोय होती. फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं, बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असं. वजन साधारण चौथ्या हिश्शाने उतरवायचं होतं.

शरीराचं व्हायचं ते झालंच, पण डोक्याचं काय झालं ते वाचण्यासारखं आहे. ज्यांनी आयुष्यात चहा केला नव्हता ते पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. ताटं चाटून पुसायला लागले. एकेक जेवण तासभर पुरवायचं, पाणी घालून वाढवायचं. दिवसभर च्युइंग गम. राजकारण, मुली, पुस्तकं, कशातच रस उरला नाही, फक्त जेवण. काहींनी चोरून खाल्लं आणि मग स्वतःची घृणा वाटली, म्हणून पुढे बाहेर पडताना सोबती बरोबर नेणं सक्तीचं करावं लागलं. आणि प्रयोग संपून जेवण परत मिळाल्यावर? पोट फुटेस्तोवर खाऊनही भूक भागली नाही असं काही जण सांगत होते, आणि तेही काही महिने.

रात्री अंथरुणात पडून मोबाइलवर मिसळ तयार होतानाचे व्हिडिओ बघणारे डाएटवाले मला यांचेच चुलतभाऊ वाटतात.

पहाटे_पाच

तुलना ताणलेली आहे. ते लोक आठवड्याला २२ मैल चालत होते आणि त्यांना खरोखर उपाशी ठेवलं होतं. एक भाकरी आणि उसळ खाणारी बाई उपाशी नसते.

चष्मेबद्दूर

मुद्दा मान्य, पुरुष होते, तरुण होते, चालत होते. पण त्यांना रोज सरासरी १५७० कॅलरी मिळत होत्या. फेसबुकवर फिरणारे '१२०० कॅलरीत बारीक व्हा' तक्ते बघा आणि मग पुन्हा बोलू.

सुगरणीचा_खोपा

खूप छान धागा. माझा अनुभव, ताट लहान घ्या. लहान ताटात वाढलं की मेंदू फसतो, अमेरिकेत सिद्ध झालंय. सूपच्या वाडग्याला खालून नळी लावून न कळत सूप भरत राहिले तर लोक पीतच राहिले, असाही प्रयोग आहे.

चष्मेबद्दूर

सूपवाला प्रयोग कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रायन वान्सिंक यांचा. फार गाजला होता, मीही दहा ठिकाणी सांगितलाय. पण त्यांच्या इतर शोधनिबंधांतले आकडे लोकांनी तपासले तेव्हा जुळेनात. २०१८ मध्ये विद्यापीठाच्या चौकशीत गैरवर्तन आढळलं, डझनाहून जास्त निबंध मागे घेतले गेले, त्यांनी राजीनामा दिला. लहान ताटाने तुम्हाला बरं वाटत असेल तर वापरा, 'सिद्ध झालंय' म्हणू नका. आमच्याकडे लहान ताट आणलं तर तिसऱ्यांदा वाढून घेतलं गेलं, एवढा फरक पडला.

हळकुंड

गवतीचहा यांच्या बासुंदीवर कोणी बोललंच नाही, म्हणून लिहितो. मी सांगलीकडचा, पंगतीत वाढलेला आणि पंगतीत वाढलेलं खाल्लेला.

आग्रह हा आपल्याकडे एक पूर्ण खेळ आहे आणि त्याचे नियम सगळ्यांना पाठ आहेत. पहिलं 'नको' लाजेचं. दुसरं 'नको' रीतीचं. तिसऱ्या 'नको'ला पानावर आडवा हात धरायचा, तेव्हा वाढपी विचार करतो. तरी बोटांच्या फटीतून जिलबी सरकवणारे वाढपी मी पाहिलेत, आणि त्यांचं गावात कौतुक व्हायचं. यजमानाची अब्रू पाहुण्याच्या पोटात मोजायची पद्धत. ज्या घरांत वर्षाचे चार महिने ओढाताण असायची तिथे सणाला पोटभर घालणं ही चैन होती आणि प्रेमही होतं. हे मी नाकारत नाही. माझी आत्या 'अजून एक घे' याशिवाय दुसऱ्या कुठल्याही शब्दांत माया करू शकली नाही.

पण या खेळात एक गोची आहे. खरं 'नको' म्हणायला आपल्याकडे शब्दच उरलेला नाही. जो खरोखर नको म्हणतो त्याचं पहिलं 'नको'च धरलं जातं. मग तो चिडतो किंवा घेतो. बायका बहुतेक घेतात.

पंगत गेली, बुफे आला, तिथे कोणी आग्रह करत नाही. तरी लोक तीनदा उठतात. म्हणजे वाढपी आता आपल्या आत येऊन बसलाय.

एडिसनकर

न्यूजर्सीतून. सोमवार ते शुक्रवार मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून डब्यातलं सॅलड खातो, एकटा, आठ मिनिटांत. शनिवारी कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये आमचा मराठी ग्रुप जमतो. पॉटलक. एकीने पुरणपोळी आणलेली, एकाने सुकं मटण, कोणी कोथिंबीरवडी. न घेतलेल्या पदार्थाचा मालक शेजारीच उभा असतो आणि बघत असतो. म्हणून सगळ्याचं थोडं थोडं. बारा घरांचं थोडं थोडं म्हणजे किती, हे सांगायला नको.

उत्सुकता म्हणून शोधलं होतं. जॉन डी कॅस्ट्रो नावाच्या संशोधकाने ऐंशीच्या दशकात लोकांना खाण्याच्या डायऱ्या लिहायला लावल्या. एकट्याने घेतलेल्या जेवणापेक्षा सोबतीतलं जेवण सरासरी ४४ टक्के मोठं निघालं. माणसं वाढली की जेवण वाढतं. मला वाटायचं हा आपला मराठी रोग आहे. तर नाही.

आणि तरीही, पार्किंगमधल्या सॅलडच्या बदल्यात मी शनिवार देणार नाही. वजन वाढलं तर वाढलं.

उंबरठा

थोडं अवांतर आहे, पण भूक पोटात असते की डोक्यात यावर.

माझ्या आजीला स्मृतिभ्रंश झाला होता. दुपारी बाराला वरण-भात, भाजी, ताक असं व्यवस्थित जेवायची. आई ताट घासून येईपर्यंत आजी दारात खुर्चीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायची, "सकाळपासून पोटात कण नाही, सून देत नाही." वाड्यातल्या दोन बायकांनी खरं मानलं. आई रडायची. एकदा वैतागून तिने परत ताट वाढलं, तर आजी पुन्हा जेवली. पूर्ण. आम्हाला वाटलं नाटक करतेय.

बऱ्याच वर्षांनी वाचलं की पॉल रोझिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये हेच लिहून ठेवलंय. त्यांच्याकडे दोन रुग्ण होते ज्यांना काही मिनिटांपूर्वीचं आठवत नसे. जेवण झाल्यावर १० ते ३० मिनिटांनी दुसरं जेवण समोर ठेवलं तर ते खायचे, आणि बऱ्याचदा तिसरंही सुरू करायचे. आपण 'पोट भरलं' म्हणतो त्यात 'आत्ताच जेवलो' ही आठवण किती मोठी असते बघा.

आईला तो लेख मी मराठीत वाचून दाखवला. ती म्हणाली, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर.

पिठलं_भाकर

उंबरठा... 🙏

यावरून आठवलं, टीव्हीसमोर जेवलं की तासाभरात मला परत काहीतरी हवं असतं. जेवल्याची आठवणच तयार होत नाही वाटतं. मालिकेत कोणाचं लग्न मोडलं ते मात्र आठवतं.

मेसचा_डबा

सगळे बारीक होण्याबद्दल बोलताय, म्हणून आमची बाजू. वय २३, पुण्यात होस्टेलवर, वजन ५१. दर सुट्टीत घरी गेलो की "हाडं मोजून घ्या रे याची", "वारा आला तर धरा". जाड माणसाला तोंडावर बोलणं वाईट असतं हे आता लोकांना थोडं तरी कळलंय, बारक्या पोरांबद्दल सगळ्यांना मोकळं रान आहे. जिममध्ये एकाने पावडरचा डबा गळ्यात मारला, साडेतीन हजार गेले, अंगावर फक्त पोट आलं. हातपाय तसेच. आता कपडे काढून आरशात बघायची लाज वाटते आणि मेसमध्ये चौथी पोळी मागायचीही.

पिंपळपान

मेसचा_डबा, डॉक्टर आहे म्हणून सांगतो, पोट फक्त पावडरने आलं असं नाही. तुमच्याच पुण्यातल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघे शेजारी उभे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसाच्या पोटात चरबी लपलेली असते. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची रेघही खाली आहे, २३ च्या वर जास्त वजन, २५ च्या वर लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० सेंमी, बायकांची ८०.

हे लिहिण्याचं कारण असं की 'दिसतो कसा' यावर चाललेली सगळी थट्टा आजाराच्या दृष्टीनेही निरुपयोगी आहे. ज्याला हसतात त्याची साखर कधी कधी उत्तम असते आणि हसणाऱ्याची ३००. पावडर बंद, चौथी पोळी मागून घ्या, डाळ-अंडी वाढवा, सुट्टीत एकदा रक्त तपासा.

सुगरणीचा_खोपा

बायकांचं अजून एक कोणी लिहिलं नाही. उरलंसुरलं. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, कढईतला चमचाभर शिरा, "फ्रिजमध्ये ठेवायला एवढंसं कशाला". टाकवत नाही, अन्न पूर्णब्रह्म. मी एकदा आठवडाभर ते सगळं तोंडात न टाकता वेगळ्या डब्यात ठेवलं. दररोज साधारण एक जेवण भरत होतं! आणि हे खाणं आपल्या हिशोबात नसतं, कारण त्यासाठी ताट घेतलेलं नसतं आणि बसलेलंही नसतो. सगळं उभ्याने.

त्यावर उपाय म्हणून मुलाला "ताट पुसून खा" म्हणून मागे लागले, तर तो जेवणाच्या वेळी पोट दुखतं म्हणायला लागला.

तिसरी_घंटा

सुगरणीचा_खोपा, मुलाला 'संपव' म्हणून दटावू नका, आणि 'भाजी संपवलीस तर चॉकलेट' हेही नको. मुलांच्या खाण्यावर लिअ‍ॅन बर्च यांनी अनेक वर्षं काम केलं. बक्षीस म्हणून जो पदार्थ देतात तो मुलांना आणखी प्रिय होतो, आणि घरात दिसतो पण मिळत नाही अशा खाऊकडे त्यांचं लक्ष जास्तच लागतं. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंची एक वाटणी मला पटते. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. म्हणजे सुरुवातीला तुम्हीच कमी वाढा, तो मागेल.

(आमच्या घरी हे पाळायला माझ्या आईला सात महिने लागले. अजूनही माझं लक्ष नसताना 'एक घास काऊचा' चालू असतं. नातू दहा वर्षांचा आहे.)

खमंग_काकडी

दोन वेळा जेवून माझ्या मिस्टरांची साखर नॉर्मल झाली. दर दोन तासांनी खाणारे सगळे

नाचणीचं_सत्त्व

अजिबात नाही, उलट दोनच वेळा, ५५ मिनिटांत जेवण उरकायचं ते करून माझ्या बहिणीला

कोकमसार

झालं. दोन वेळा जेवा म्हणणारे दीक्षित विरुद्ध दर दोन तासांनी खा म्हणणाऱ्या दिवेकर. भांडायला दुसरा धागा काढा रे, तिथे चकल्या घेऊन येतो.

रात्रपाळी

नर्स आहे. सलग नाइट केल्या की सकाळी मला वडापावच लागतो, पोहे चालत नाहीत. २००४ मध्ये शिकागोत तरुण मुलांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं तर भूक लावणारं घ्रेलिन हार्मोन वाढलं आणि भूक शमवणारं लेप्टिन उतरलं होतं. बारा जणांचाच अभ्यास, पण माझ्या वॉर्डातली प्रत्येक जण त्याला अनुमोदन देईल. गवतीचहा, झोप किती होते तुमची?

गवतीचहा

साडेपाच तास. मुलीची बारावी आहे.

मौनराग

नाव बदलून लिहितोय. मला मधुमेह आहे, डॉक्टरांनी मौंजारोचं इंजेक्शन सुरू केलं. भारतात मार्च २०२५ मध्ये आलं ते. खर्च आहे, मळमळ आहे, जाहिरात करत नाही. पण दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी लक्षात आलं की डोक्यात शांतता आहे. जन्मापासून माझ्या डोक्यात एक रेडिओ लागलेला होता. चारला काय खायचं, रात्री काय असेल, कोपऱ्यावर भजी तळतायत. मला वाटायचं तो सगळ्यांच्याच डोक्यात असतो आणि बाकीचे लोक नेटाने दुर्लक्ष करतात. तो अनेकांच्या डोक्यात लागलेलाच नसतो. पहाटे_पाच, तुमच्याही नसेल कदाचित.

पहाटे_पाच

हे मी कधी या बाजूने बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला गोड मुळात फार आवडत नाही.

कोकमसार

तीन वर्षांची तपश्चर्या!!! 😂

पहाटे_पाच

हसा. पण चहा बिनसाखरेचा प्यायला त्रास झालाच की.

दिवेलागण

समुपदेशनाचं काम करते. हसण्यावारी जाऊ नये म्हणून लिहिते. गवतीचहा, अंधारात लपून, चव न लागता, थांबता न येता खाणं आणि मग स्वतःची किळस येणं, हे अधूनमधून झालं तर आपण सगळेच माणसं आहोत. आठवड्यातून एकदा तरी आणि सलग तीन महिने होत असेल, तर त्याला नाव आहे, बिंज ईटिंग डिसऑर्डर. २०१३ पासून मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात तो स्वतंत्र आजार आहे. कोणी खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढत असेल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असेल तर तीन महिने मोजत बसू नये. यावर उपचार आहेत आणि त्यांची सुरुवात आणखी एका डाएटने होत नाही. उलट, पहिल्यांदा वेळेवर आणि पुरेसं जेवायला लावतात. कोणाशी बोलायचं सुचत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

गवतीचहा

दिवेलागण, 'आठवड्यातून एकदा' वाचून बोटांवर मोजलं. तुम्हाला व्यक्तिगत निरोप केला आहे.

हळकुंड

धागा वर काढतो. दीड महिना झाला. गवतीचहा, काय चाललंय?

गवतीचहा

आहे मी. दिवेलागण यांनी सुचवलेल्या बाईंकडे चार वेळा जाऊन आले. वजनकाटा माळ्यावर ठेवलाय, त्यामुळे आकडा विचारू नका.

त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, चकल्या कुठे ठेवता? म्हटलं, वरच्या फळीवर, मागे, रव्याच्या डब्याआड. कोणापासून? म्हटलं, माझ्यापासून. त्या म्हणाल्या, मग टेबलावर काचेच्या बरणीत ठेवा, आणि संध्याकाळी चहाबरोबर बशीत घेऊन, बसून, दिवा लावून खा. रोज. मला वाटलं बाईंचं डोकं फिरलंय. पहिले चार दिवस मी खरंच रोज पाच-सहा खाल्ल्या, मुलगी बघत असताना, छाती धडधडत होती. पाचव्या दिवशी दोन. मग एक दिवस विसरले. *विसरले!* चकली!

सासूबाईंचं सांगते. मागच्या रविवारी त्यांनी श्रीखंड पुढे केलं. हळकुंड, तुमचं तिसरं 'नको' आठवलं. नको न म्हणता मी म्हटलं, "आई, मला उद्या डब्यात द्या थोडं, आत्ता पोट भरलंय." त्या क्षणभर थांबल्या आणि आत जाऊन डबा शोधायला लागल्या. म्हणजे त्यांना द्यायचं होतं, मी तिथल्या तिथे खावं असं काही नव्हतं. 'सुटलीच आहेस' मात्र अजून चालू आहे. त्यावर उत्तर सापडलेलं नाही.

आज सकाळी त्याच बरणीतली एक चकली तोंडात टाकून म्हणाल्या, "अगं, या सादळल्या की." तेवीस वर्षांच्या संसारात माझ्या घरात चकली टिकून सादळल्याची ही पहिली वेळ. मी त्यांच्यासमोर उभी राहून इतकी हसले की त्यांना वाटलं मला काहीतरी झालं.

आता प्रश्न असा आहे की पाऊण किलो सादळलेल्या चकल्यांचं करायचं काय?

शेवंती

जाड बुडाच्या तव्यावर अगदी मंद आचेवर दहा मिनिटं ठेव, झाकण न घालता. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भर, गरम भरल्यास तर परत मऊ पडतील. काचेची बरणी दिसायला छान, पण तिचं झाकण सैल असतं. स्टीलचाच डबा बरा, टेबलावर ठेव म्हणजे झालं.

कोकमसार

आणि 'टक्' वाजू दे.